नऊ नंबरचे बोल्ट

शेडमधला केर काढताना मला जमिनीवर तेलाचे थेंब दिसले. पाच-सहा थेंब, रुपयाएवढे. शनिवारची सकाळ होती. साडेआठ होऊन गेले होते आणि पाहुणे आठलाच सायकली घेऊन निघून गेले होते. मी खाली बसलो, थेंबात बोट बुडवलं आणि उजेडात धरलं. तेल स्वच्छ होतं.

तेल काळं असतं तर मी झाडू पुढे नेला असता. जुन्या तेलात धूळ आणि पाणी मिसळलेलं असतं, ते गळलं तर सील खराब झालं एवढाच अर्थ. स्वच्छ तेल म्हणजे गेल्या तीन आठवड्यांत मी भरलेलं तेल. आणि सायकल उभी होती त्या जागी, पुढच्या चाकाच्या अगदी खाली ते पडलं होतं. भिंतीवर पांढऱ्या रंगात त्या जागेचा नंबर होता. नऊ.

मी मूळचा महाडचा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. ते युनिट बंद झाल्यावर पुण्यात दोन महिन्यांचा कोर्स करून मी सायकलींचे फोर्क उघडायला शिकलो. आता पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढताना एका वळणावर आत गेलं की एक कॅम्प लागतो, तिथे काम करतो. शनिवार-रविवार पाहुणे येतात. कॅम्पच्या बारा माउंटन बाइक आहेत आणि त्या बारांचा मेकॅनिक मी.

फोर्क म्हणजे काय ते आधी सांगतो. मोटरसायकलला आपण शॉकअप म्हणतो, तसाच प्रकार. सायकलच्या पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन पाय असतात. प्रत्येक पाय पोकळ असतो आणि वरून एक गुळगुळीत नळी त्यात शिरते. खड्डा आला की नळी आत जाते, खड्डा गेला की बाहेर येते. ती अडखळू नये म्हणून पायात थोडंसं तेल असतं, औषधाच्या दोन चमच्यांएवढं. तोंडाशी रबराचं सील असतं, धूळ आत जाऊ नये म्हणून, आणि सीलखाली स्पंजची एक रिंग असते, ती तेल पिऊन नळीला पुसत राहते. पावसाळा झाला की हे सगळं उघडायचं. हवा सोडायची, पाय ओढून काढायचे, काळं तेल ओतून टाकायचं, पुसायचं, रिंगा नव्या तेलात भिजवायच्या, सीलला ग्रीस लावायचं, मोजून नवं तेल भरायचं आणि बंद करायचं.

बंद करताना प्रत्येक पायाच्या तळाशी एक बोल्ट लागतो. करंगळीपेक्षा लहान. पण पाय आणि नळी यांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू तेवढीच. फोर्कला दोन पाय, म्हणून बोल्ट दोन. ते टॉर्क रेंचने कसायचे असतात. या पान्यावर आपण जोर ठरवून ठेवतो आणि तेवढा जोर पोचला की पाना ‘टक’ असा आवाज करतो. तो आवाज ऐकेपर्यंत काम संपलेलं नसतं.

पाऊस उघडल्यावर मी कॅम्पवर गेलो ते बारा फोर्क करायला. दसऱ्यानंतर पाहुणे सुरू होणार होते. तोवर तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कॅम्पचे मालक अभय सर पुण्याला असतात. बायको पनवेलला मुलीकडे असते, नातू लहान आहे. महाडचं घर कुलपात. सकाळी भात टाकायचा, एक फोर्क उघडायचा, दुपारी तोच भात खायचा, फोर्क बंद करायचा. धुकं दाराशी येऊन उभं राहायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. मी बडबड्या माणूस नाही. तरी दरवर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर पाणी वाटायला उभा राहतो, त्या एका दिवसात जेवढं बोलतो तेवढं त्या तीन आठवड्यांत बोललो नसेन. एकदा सील बसवताना ‘बस आता’ असं तोंडातून निघालं आणि माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

कॅम्पवर नेटवर्क नाही. पाण्याच्या टाकीच्या वर एक कातळ आहे, तिथे येतं. शेडच्या दाराशी, एका ठराविक खिळ्याला फोन टांगून ठेवला तर कधी कधी नुसती रिंग ऐकू येते, बोलणं ऐकू येत नाही. रिंग झाली की कातळावर पळायचं आणि आपण फोन लावायचा, अशी पद्धत.

नऊ नंबरचा फोर्क मी ज्या दुपारी बंद करत होतो तेव्हा रिंग झाली. आता मला ती दुपार स्पष्ट आठवते. शनिवारी थेंबांशेजारी बसेपर्यंत आठवत नव्हती. तेल भरून झालं होतं. दोन्ही बोल्ट नव्या वॉशरसकट हाताने फिरवून बसवले होते. रेंच उचलायचा बाकी होता. मला वाटलं पनवेलहून फोन असेल. चार दिवस कोणाचा आला नव्हता. मी हात पुसत कातळावर गेलो आणि आलेल्या नंबरवर उलटा फोन लावला. तो लागला नाही, पण मी तिथे उभा असतानाच पुन्हा रिंग आली.

बँकेचं क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी होती. आधी हिंदीत बोलली. मी मराठीत उत्तर दिल्यावर मराठीत बोलायला लागली. मला कार्ड नको होतं. पण मी फोन ठेवला नाही. तिने व्यवसाय विचारला, तर मी फोर्क म्हणजे काय ते सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तेवढं सगळं, स्पंजच्या रिंगेसकट. ती मध्ये मध्ये ‘हो सर’ म्हणत होती. मी तिचं गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. नातवाला दात येत आहेत हेही सांगितलं. वीस मिनिटं झाली असतील. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, “सर, माझा कॉल खूप लांबलाय. मला आता कट करावा लागेल.”

मी थोडा वेळ तिथेच बसलो. धुकं जरा उघडलं होतं, खाली घाटातला रस्ता दिसत होता. मग उतरलो, नऊ नंबर स्टँडवरून काढली, भिंतीवरच्या हुकाला टांगली आणि दहा नंबर लावली. संध्याकाळी वहीत दिवसभराच्या खुणा एकदम केल्या. नऊ नंबरसमोर ‘टॉर्क’ या रकान्यातही बरोबरची खूण आहे. माझ्याच हाताची.

सायकली पुढचं चाक वर करून टांगलेल्या असतात. म्हणजे फोर्कचा तळ वर येतो, तेल बोल्टपासून लांब जातं. म्हणून इतके दिवस एक थेंब गळला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाहुण्यांसाठी सायकली खाली उतरवल्या आणि रात्रभरात तेल सैल बोल्टांमधून वाट काढत जमिनीवर आलं.

नऊ नंबर कोणाकडे गेली होती ते मला ठाऊक होतं, कारण सीटची उंची मीच लावली होती. पुण्याच्या एका ऑफिसातले आठ जण आले होते. त्यांतल्या काळे मॅडम, पन्नाशीच्या, अकाउंट्समधल्या. पंचवीस वर्षांनी सायकलवर बसतेय म्हणाल्या होत्या.

बोल्ट नसले तरी फोर्क लगेच निसटत नाही. माणसाचं वजन त्याला खाली दाबून ठेवतं. पुढचं चाक जमिनीवरून उचललं तर मात्र पाय चाकासकट नळीवरून खाली घसरतात. आणि त्यांच्या गाइडचा, विनयाचा, कार्यक्रम मला पाठ होता. विनया महाडची, अठ्ठावीस-तीसची, सायकलीच्या शर्यती केलेली मुलगी. कॅम्पशेजारच्या वाडीमागच्या पायवाटेने ती सगळ्यांना हळूहळू खाली माळावर नेते आणि साडेनऊच्या सुमाराला तिथे पहिला धडा देते. धडा असा की दगड आला की पुढचं चाक कसं उचलायचं.

मी कातळावर जाऊन विनयाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. स्वयंपाकघरात सुशीला वहिनी नाश्त्याची भांडी घासत होत्या. त्या वाडीतल्या, पाहुणे असतील तेव्हा शुक्रवार ते रविवार जेवण करायला येतात. माळावर जाऊन येतो, माझा फोन खिळ्याला टांगलाय, रिंग झाली तर कातळावर जाऊन विनयाला फोन लावा आणि चाकं उचलू नका म्हणून सांगा, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “हळू जावा.”

मी तीन नंबर काढली, पाठीला पिशवी लावली, त्यात रेंच, चाव्या, दोन जादा बोल्ट. पायवाटेने त्यांना गाठणं माझ्याच्याने झालं नसतं, वय सत्तावन्न. घाटाच्या डांबरी रस्त्याने लांब पडतं, पण उतार आहे. मी इतक्या वेगाने सायकल कधी चालवलेली नाही. एका वळणावर महाबळेश्वरहून येणारी एसटी समोर आली, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. ब्रेकचा वास यायला लागला. रस्ता पावसाने उखडलेला होता आणि प्रत्येक खड्ड्यात माझा फोर्क लोण्यासारखा आत-बाहेर होत होता. काम चांगलं झालं होतं. ते कळत होतं आणि त्याचा रागही येत होता.

माळावर पोचलो तेव्हा धडा सुरू झाला होता. विनयाने रांग लावली होती. एक जण दगडावरून चाक उचलून गेला, दुसरा गेला. काळे मॅडम चौथ्या होत्या. मी ओरडलो असेन, कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नक्की काय ओरडलो ते आठवत नाही.

मॅडमना उतरायला सांगून मी वाकून तळ बघितला. उजव्या पायाचा बोल्ट नव्हताच, वाटेत कुठेतरी गळून पडला होता. डाव्या पायाचा बोटाने फिरवला तर सहज हातात आला. मग मी हँडल धरून वर उचललं. चाक जागेवरच राहिलं. काळी नळी वीतभर जास्त बाहेर आली आणि उरलेलं तेल गवतावर सांडलं.

मॅडमनी हेल्मेट काढलं आणि विचारलं, “हे असं कसं झालं?”

मी म्हणालो, “व्हायब्रेशनने होतं मॅडम कधी कधी. वाट खराब आहे.”

तोंडातून ते इतकं सरळ आलं की मलाच खरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, बरं झालं तुम्ही वेळेवर आलात. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. विनयाने मात्र माझ्या हातातला बोल्ट घेतला, त्यावरचा वॉशर बघितला आणि बोल्ट स्वतःच्या खिशात टाकला. माझी तीन नंबर मॅडमना दिली. मी जादा बोल्ट लावून कसले आणि नऊ नंबर ढकलत घाट चढायला लागलो. तेल नसलेला फोर्क चालवायचा नसतो.

तो चढ मला अडीच तास पुरला. एक गाडी थांबली, आतल्या माणसाने विचारलं, पंक्चर का? मी हो म्हणालो. दिवसभरातलं दुसरं खोटं. चालता चालता मला कंपनीतला सकपाळ आठवत होता. आमच्याकडे पंप उघडून बंद केला की कागदावर दोन सह्या लागायच्या, काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. माझ्या कामावर तपासणीची सही सकपाळची असायची. प्रत्येक बोल्टला हात लावून बघायचा. मला त्याचा वैताग यायचा, माझ्यावर विश्वास नाही असं वाटायचं. युनिट बंद झाल्यावर तो मुलाकडे सुरतेला गेला. इथे मी वहीत तपासणीचा रकानाच आखला नव्हता. कोणासाठी आखायचा?

संध्याकाळी विनया महाडला निघाली. जाताना शेडमध्ये आली आणि तो बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला.

“काका, कसलेला बोल्ट सैल होऊन निघाला ना, तर वॉशर दबलेला असतो. हा कोरा आहे.”

मी बोल्ट मुठीत धरला.

“मी सरांना काही सांगणार नाही,” ती म्हणाली आणि स्कूटर सुरू करून गेली.

ती रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. तो वॉशर मी बराच वेळ बघत बसलो. तांब्याचा, नवाकोरा, काठ धारदार. कसल्यावर तो चपटा होतो आणि पुन्हा कधी वापरता येत नाही.

रविवारी दुपारी पाहुणे गेले. चारच्या सुमाराला रिंग झाली. अभय सर होते. खूश होते. काळे मॅडमनी त्यांना लांबलचक मेसेज केला होता की तुमचा मेकॅनिक घाट उतरून धावत आला, त्याने माझा अपघात टाळला. सरांना माझा फोटो हवा होता, रेंच हातात घेतलेला, कॅम्पच्या पेजवर टाकायला.

मी कातळावर उभा होतो. म्हणालो, “सर, ते बोल्ट मी कसलेच नव्हते.”

त्यांनी विचारलं, कसलेच नव्हते म्हणजे? मी सगळं सांगितलं. फोनचंही. कार्ड विकणाऱ्या मुलीशी वीस मिनिटं बोलत होतो हे सांगताना कान तापले. सर हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत.

“तुम्ही तीन आठवडे तिथे एकटेच होतात का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि माळावर तसं का सांगितलंत?”

“घाबरलो.”

मग ते म्हणाले की बाराही फोर्क पुन्हा उघडा, तोवर पुढच्या शनिवारचं बुकिंग मी पुढे ढकलतो. मॅडमना कोण सांगणार, असं मी विचारलं. त्यांनी नंबर दिला आणि म्हणाले, तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. त्या पुण्याच्या वाटेवर गाडीत होत्या, मागे बाकीच्यांची गाणी चालली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चाक उचललं असतं तर?” मी म्हणालो, तोंडावर पडला असतात, दात गेले असते, कदाचित मान. त्या ‘हं’ म्हणाल्या. सांगितल्याबद्दल थँक यू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या ग्रुपमधले तिघे जण नंतर पुन्हा येऊन गेले. मॅडम आल्या नाहीत.

बाराही फोर्क मी पुन्हा उघडले. बाकी अकरा बरोबर होते. त्याने काही बरं वाटलं नाही.

सरांनी विचारलं होतं की दुसरा मेकॅनिक बघू का. बारा सायकलींना दोन मेकॅनिक कोण ठेवतं? मीच म्हणालो की मेकॅनिक नको, दुसरी सही हवी. वहीत रकाना आखला आणि पुढच्या शुक्रवारी सुशीला वहिनींना शेडमध्ये बोलावलं. एक बोल्ट त्यांच्यासमोर कसून दाखवला आणि सांगितलं, हा टक आवाज यायला हवा. तो आला तर सही करायची, नाही आला तर करायची नाही. बाकी काही बघायचं नाही.

“मला त्यातलं काय कळतंय?” त्या म्हणाल्या.

“कळायचं काही नाही. ऐकायचं फक्त.”

त्या पदराला हात पुसून स्टुलावर बसल्या. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. प्रत्येक फोर्कच्या दोन ‘टक’नंतर सही. सही म्हणजे पूर्ण नाव, सावकाश. पाच नंबरचा डावा बोल्ट मी कसला आणि रेंच खाली ठेवला.

“नाय वाजला,” वहिनी म्हणाल्या.

वाजला, असं मी म्हणालो.

“नाय वाजला. परत लावा.”

मी परत लावला. रेंच थोडा फिरला, मग टक झालं. वहिनींनी मान हलवली आणि सही केली. मी खोटं बोललो नव्हतो. मला आधी खरंच ऐकू आलं होतं.

तेव्हापासून मी कामाचा क्रम बदललाय. सोमवार ते गुरुवार फोर्क उघडतो, पुसतो, रिंगा भिजवतो, ग्रीस लावतो. तेल भरून बोल्ट कसायचं काम शुक्रवारीच, वहिनी आल्यावर. बिनपाहुण्यांच्या आठवड्यातही त्या तेवढ्यासाठी तासभर येतात, सह्या करतात आणि जातात. नव्याने हे काम शिकणारे कधी विचारतात की फोर्क सर्व्हिसला सगळ्यात जरुरीचं काय, तेल कुठलं, ग्रीस कुठलं. मी सांगतो, तेल कंपनी सांगेल ते वापरा. पण स्वतःचं काम स्वतः तपासू नका. आणि कामाच्या मध्ये फोन आला, मग तो कोणाचाही असो, तर परत आल्यावर पुढची पायरी धरू नका, मागच्या एका पायरीपासून सुरू करा.